टीसीएलचा रिझल्ट: मेमरी कुणाची आणि कुठपर्यंत

पीथमपूरच्या कारखान्यांना लागणारे लीक टेस्टचे (दाब देऊन पार्ट गळतो का ते तपासणारे) बेंच आम्ही इंदूरला परदेशीपुऱ्यात बांधतो. बेंचचा मुख्य प्रोग्रॅम सीमध्ये आहे आणि त्याच्या पोटात टीसीएल या स्क्रिप्टच्या भाषेचा इंटरप्रिटर (स्क्रिप्ट वाचून चालवणारा भाग) बसवलेला आहे. कुठल्या पार्टला किती बार दाब द्यायचा, किती सेकंद थांबायचं, किती घट चालेल हे सगळं टीसीएलच्या स्क्रिप्टमध्ये असतं. व्हॉल्व्ह उघडणं, सेन्सर वाचणं, रिले ओढणं या कमांडा सीमध्ये. सीकडून स्क्रिप्टकडे जे काही जातं ते कमांडच्या रिझल्टमधून जातं, म्हणून रिझल्ट बिघडला की बेंच खोटं बोलतो. जुनं कोड टीसीएल ८.६ वर आणि मग ९.० वर नेताना हे रिझल्टचं काम मुळापासून करावं लागलं, त्याचा हा तपशील.

टीसीएलच्या फंक्शनांची नावं बोलताना म्हणतो तशी लिहिली आहेत; प्रत्यक्ष कोडमध्ये प्रत्येकाच्या आधी टीसीएल आणि अंडरस्कोर असतो.

सुरुवात कंपाइलरच्या तक्रारीपासून झाली. ८.६ च्या हेडरने सांगितलं की इंटर्पच्या, म्हणजे इंटरप्रिटरच्या, स्ट्रक्चरमध्ये 'रिझल्ट' नावाचा मेंबरच नाही. मेंबर गेलेला नाही, त्याचं नाव मुद्दाम 'रिझल्ट-डोन्ट-यूज' असं करून ठेवलंय. 'यूज-इंटर्प-रिझल्ट' हा मॅक्रो लावला की जुनं नाव परत येतं आणि कोड कंपाइल होतं. हा मॅक्रो लावून मोकळं होऊ नये. ९.० मध्ये ती सोयच काढून टाकली आहे, आणि ८.६ मध्येही मॅक्रोमुळे चूक झाकली जाते, सुधारत नाही.

हे असं का, ते थोडक्यात. जॉन ऑस्टरहाउट यांनी १९८० च्या दशकाच्या शेवटी बर्कलीला टीसीएल लिहिली ती दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये बसवण्यासाठीच. तेव्हा प्रत्येक व्हॅल्यू ही साधी सी स्ट्रिंग होती आणि रिझल्ट म्हणजे इंटर्पमधला एक कॅरॅक्टर पॉइंटर. १९९७ साली ८.० आलं, त्यात बाइटकोड कंपाइलर आणि रेफरन्स काउंट (किती जणांनी धरून ठेवलंय याची मोजणी) असलेले ऑब्जेक्ट आले. तेव्हापासून सगळ्या ८.x मध्ये रिझल्टच्या दोन जागा आहेत, एक ऑब्जेक्टची आणि एक जुन्या स्ट्रिंगची, आणि टीसीएल गरज पडेल तशी एकीतून दुसरीत नक्कल करतो. अर्धे घोटाळे या नकलेच्या वेळेतून येतात.

पहिलं काम ग्रेप, म्हणजे कोडमध्ये शब्द शोधणं. इंटर्पचा रिझल्ट जिथे जिथे थेट हाताळलाय त्या सगळ्या ओळी काढल्या आणि तीन ढीग केले: ठरावीक मजकूर ठेवणाऱ्या, सीच्या स्प्रिंटएफ या फंक्शनने मजकूर रचून त्यात लिहिणाऱ्या आणि त्यातून वाचणाऱ्या. पहिला ढीग यांत्रिक आहे. न्यूस्ट्रिंगऑब्जला मजकूर आणि लांबी म्हणून उणे एक द्यायचं, जो ऑब्जेक्ट येईल तो सेटऑब्जरिझल्टला द्यायचा. अर्ग्युमेंटच्या संख्येच्या तक्रारी हाताने लिहिल्या असतील तर त्या राँगनमआर्ग्जने बदलाव्यात, म्हणजे सगळ्या कमांडांची तक्रार एकाच साच्यात येते.

दुसऱ्या ढिगात खरा धोका निघाला. कमांड सुरू होते तेव्हा इंटर्पचा रिझल्ट स्ट्रक्चरमधल्याच एका छोट्या जागेकडे बोट दाखवत असतो. ती जागा २०० बाइटची, शेवटच्या शून्यासाठी आणखी एक. स्प्रिंटएफला ही मर्यादा माहीत नाही. मेसेज इंग्रजीत होते तोवर भागलं, कारण एक अक्षर म्हणजे एक बाइट. पण लाइनवरच्या ऑपरेटरसाठी मेसेज हिंदीत, देवनागरीत आले. टीसीएल ८.१ पासून आत सगळं यूटीएफ-८ मध्ये ठेवतो, आणि त्यात देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं. काना, मात्रा, हलन्त सगळी वेगळी मोजली जातात. 'लीक टेस्ट फेल' यात ११ चिन्हं आणि २ मोकळ्या जागा आहेत: ३३ अधिक २, म्हणजे ३५ बाइट. हेच रोमन अक्षरांत लिहिलं तर १४. सरळ हिशेब असा की देवनागरीची ६६ चिन्हं झाली की २०० बाइट भरले. पार्ट नंबर, स्टेशन नंबर, दाबाचा आकडा आणि 'वाल्व बंद करके सुपरवाइज़र को बुलाएँ' एवढं एका मेसेजमध्ये आलं की जागा संपते आणि पुढचे बाइट इंटर्पच्या स्ट्रक्चरमध्ये जे काही शेजारी असेल त्यावर लिहिले जातात. क्रॅश लगेच होत नाही. काही सायकलनंतर भलत्याच कमांडमध्ये होतो, आणि माणूस त्या निरपराध कमांडमध्ये चूक शोधत बसतो.

इथे बदल ऑब्जप्रिंटएफचा. तो ८.५ पासून आहे, फॉरमॅट स्प्रिंटएफसारखाच घेतो, आणि लागेल तेवढी मेमरी घेऊन नवीन ऑब्जेक्ट हातात देतो. फक्त फॉरमॅटमध्ये जाणारी स्ट्रिंग यूटीएफ-८ असावी लागते, त्याबद्दल पुढे.

याच ढिगात एक चूक मेमरीची नसलेली सापडली, ती सांगायलाच हवी. दाबातली घट 'तीन दशांश' अशी स्ट्रिंग करून परत दिली जायची. मर्यादा ०.०५ बार. घट ०.०४९६ आली की स्ट्रिंग होते ०.०५०, स्क्रिप्ट विचारते '०.०५ पेक्षा कमी आहे का', उत्तर नाही, आणि चांगला पार्ट नापास. आकडा परत द्यायचा असेल तर न्यूडबलऑब्जने आकडाच द्यावा. दशांश किती दाखवायचे हे स्क्रीनवर छापताना स्क्रिप्टच्या फॉरमॅट कमांडने ठरवावं. शिवाय ऑब्जेक्टच्या आत डबल असल्यामुळे तुलना करताना स्ट्रिंग पुन्हा वाचावी लागत नाही.

आता सेटरिझल्ट. हे फंक्शन ८.६ मध्ये कायदेशीर आहे, म्हणून कंपाइलर काही म्हणत नाही, आणि म्हणूनच त्याच्या ओळी एकेक करून वाचाव्या लागल्या. त्याचं तिसरं अर्ग्युमेंट सांगतं की मेमरी कुणाची. स्टॅटिक म्हणजे 'ही जागा हलणार नाही, तू फक्त पॉइंटर ठेव'. व्होलाटाइल म्हणजे 'ही माझी जागा आहे, लगेच जाणार आहे, तू नक्कल करून घे'. डायनॅमिक म्हणजे 'ही टीसीएलच्या अलोकने घेतलेली आहे, आता तुझी, काम झालं की तूच सोड'. चौथा पर्याय स्वतःचं फ्री करणारं फंक्शन देण्याचा. आम्ही आपसात दोनच शब्द वापरतो, उसना पॉइंटर आणि मालकीचा पॉइंटर, आणि प्रत्येक ओळीशेजारी दोनपैकी एक लिहिल्याशिवाय पुढे जायचं नाही असं ठरवलं.

सगळ्यात जास्त वेळा निघालेली चूक अशी. फंक्शनमध्ये ६४ बाइटचा लोकल ॲरे, त्यात स्प्रिंटएफ, आणि मग सेटरिझल्टला तो ॲरे आणि 'स्टॅटिक'. फंक्शन परतलं की ॲरेची जागा स्टॅकवर मोकळी होते, पण टीसीएलकडे तिचा पत्ता राहतो. गंमत म्हणजे हे बहुतेक वेळा चालतं, कारण कमांड परतल्यावर टीसीएल थोड्याच वेळात त्या स्ट्रिंगचा ऑब्जेक्ट करून घेतो आणि तोवर स्टॅकचा तो भाग कुणी खोडलेला नसतो. ऑप्टिमायझेशनची पातळी बदलली, टीसीएलची आवृत्ती बदलली, मध्ये एखादा फंक्शन कॉल वाढला की २.३५० ऐवजी २.३ आणि मागे कचरा. डेस्कवर चालणारं आणि बेंचवर न चालणारं कोड दिसलं की आधी ही चूक शोधावी. पकडायला ॲड्रेस सॅनिटायझर (मेमरीच्या चुका पकडणारी कंपाइलरची सोय) लावून टीसीएल आणि आपला प्रोग्रॅम दोन्ही कंपाइल करायचे आणि चालवताना 'डिटेक्ट स्टॅक यूज आफ्टर रिटर्न' १ करायचं. ओळ नंबरासकट सांगतो.

डायनॅमिकची चूक उलट्या बाजूची. सीच्या स्ट्रडपने किंवा मॅलॉकने घेतलेली मेमरी 'डायनॅमिक' म्हणून दिली होती. टीसीएल ती स्वतःच्या फ्रीने सोडायला जातो. थ्रेडेड बिल्डमध्ये त्याचा अलोकेटर प्रत्येक ब्लॉकच्या आधी स्वतःचं हेडर ठेवतो, ते इथे नसतं, मग प्रोग्रॅम 'अलोक: इनव्हॅलिड ब्लॉक' असं छापून तिथेच संपतो. हा मेसेज दिसला की नव्वद टक्के शोध झाला असं समजा: कुठलीतरी मेमरी एका दुकानातून घेऊन दुसऱ्याला परत केली जातेय. उपाय म्हणून सीचं फ्री हे चौथ्या पर्यायाने देता येतं, पण सोपा रस्ता वेगळा आहे. न्यूस्ट्रिंगऑब्ज नक्कल करून घेतो, त्यामुळे सेटऑब्जरिझल्ट करावं आणि आपली मेमरी आपणच, आपल्याच फ्रीने, त्याच फंक्शनमध्ये सोडावी. माझं मत स्पष्ट आहे: नव्या कोडमध्ये सेटरिझल्ट लिहूच नये.

तिसरा ढीग वाचणाऱ्यांचा. इथे दोन वेगळ्या गोष्टी होत्या. एक, स्क्रिप्ट चालवणाऱ्या इव्हॅल ऐवजी इव्हॅलएक्स किंवा इव्हॅलऑब्जएक्स आल्यावर इंटर्पचा रिझल्ट थेट वाचणाऱ्यांना रिकामी स्ट्रिंग मिळू लागली. जुन्या कोडची सोय म्हणून ८.x मधला इव्हॅल शेवटी ऑब्जेक्टची नक्कल स्ट्रिंगच्या जागेत करतो. बाकीचे दोघे करत नाहीत. गेटस्ट्रिंगरिझल्टने वाचलं की हा प्रश्न मिटतो.

दुसरी गोष्ट मात्र गेटस्ट्रिंगरिझल्ट वापरूनच होते. लॉग फाइलमध्ये काही ओळी अशा यायच्या की सुरुवातीला वेळ, आणि एररच्या मेसेजच्या जागी पुन्हा तीच वेळ:

१४:२२:०९ एरर: १४:२२:०९

कोड असं: स्क्रिप्ट चालवली, एरर आली, गेटस्ट्रिंगरिझल्टचा पॉइंटर 'मेसेज' नावाच्या व्हेरिएबलमध्ये ठेवला, तो लॉगच्या फंक्शनला दिला. लॉगचं फंक्शन वेळ काढायला त्याच इंटर्पमध्ये इव्हॅलने क्लॉक फॉरमॅट चालवतं. गेटस्ट्रिंगरिझल्टने दिलेला पॉइंटर उसना असतो, रिझल्ट बदलेपर्यंतच खरा. एररचा मेसेज २०० बाइटच्या आत होता, म्हणून तो स्ट्रक्चरमधल्या त्याच छोट्या जागेत होता. इव्हॅलने वेळ आणून त्याच जागेत लिहिली. 'मेसेज' अजूनही त्याच पत्त्याकडे बघत होता. मेसेज २०० च्या वर असता तर त्याची मेमरी सोडली गेली असती आणि लॉगमध्ये कचरा आला असता, किंवा क्रॅश. तीच चूक, मेसेजच्या लांबीप्रमाणे लक्षणं निराळी.

दुरुस्ती तीन ओळींची. गेटऑब्जरिझल्टने ऑब्जेक्ट घ्यायचा, लगेच इन्क्ररेफकाउंट करायचं, काम झालं की डिक्ररेफकाउंट. गेटऑब्जरिझल्ट स्वतः काउंट वाढवत नाही, म्हणून मधली ओळ विसरली की आपण पुन्हा उसनवारीवरच असतो. काउंट धरला की मध्ये कितीही स्क्रिप्टा चालल्या तरी तो ऑब्जेक्ट आपला राहतो.

यापेक्षा मोठा प्रसंग व्हॉल्व्हचा. टेस्टमध्ये एरर आली तर आधी दाब सोडणारी स्क्रिप्ट चालवायची आणि मगच एरर वर पाठवायची, हा बेंचचा नियम आहे. दाब सोडणारी स्क्रिप्ट यशस्वी झाली की तिचा रिझल्ट मूळ एररच्या जागी बसतो, आणि वर पोचतो तो कोड १ आणि मेसेज रिकामा. फक्त ऑब्जेक्ट धरून इथे पुरत नाही, कारण एररइन्फो (एरर कुठून कुठून आली त्याचा माग) आणि एररकोड (स्क्रिप्टला ओळखता येईल असा एररचा प्रकार) हेही जपायचे असतात. ८.५ पासूनचं सेव्हइंटर्पस्टेट यासाठीच आहे. त्याला इंटर्प आणि आपला स्टेटस द्यायचा, दाब सोडायचा, आणि शेवटी रिस्टोअरइंटर्पस्टेट जो स्टेटस परत देईल तोच रिटर्न करायचा. जपून ठेवलेली प्रत्येक स्थिती एकदाच आणि हमखास सोडवायची, रिस्टोअरने किंवा डिस्कार्डने. दोन्ही विसरलं तर गळती, दोन्ही केलं तर दोनदा फ्री.

अपेंडरिझल्टबद्दल. टीसीएल कमांड बोलावण्याआधी रिझल्ट साफ करून देतो, म्हणून कमांडच्या सुरुवातीला अपेंड करणं ठीक. पण कमांडने मध्येच दुसरी स्क्रिप्ट चालवली असेल तर तिचा रिझल्ट तिथे पडलेला असतो आणि आपला मजकूर त्याला चिकटतो. '०सेन्सर उत्तर देत नाही' असा शून्य चिकटलेला मेसेज दिसला तर कारण हेच. आधी रीसेटरिझल्ट करावं. मात्र रीसेटरिझल्ट एररकोड आणि एररइन्फोही पुसतो, म्हणून क्रम महत्त्वाचा: रीसेट, मग मजकूर, मग सेटएररकोड. क्रम उलटा झाला तर स्क्रिप्टला एररकोडमध्ये 'नन' मिळतं आणि टाइमआउट कुठला, वायर तुटलेली कुठली, हे तिला ओळखता येत नाही. आतून आलेल्या एररवर नुसता संदर्भ वाढवायचा असेल तर रीसेट न करता ॲडएररइन्फो वापरावं. आणि यादीचा शेवट कॅरॅक्टर पॉइंटरला कास्ट केलेल्या नलनेच करावा. नुसतं ० लिहिलं तर ६४ बिट मशीनवर पॉइंटरच्या ८ बाइटपैकी ४ भलतेच असू शकतात, आणि फंक्शन यादी संपली असं न समजता पुढे वाचत सुटतं.

ऑब्जेक्टवर आल्यावर दोन नव्या चुका करायची संधी मिळते. गेटऑब्जरिझल्ट घेऊन त्यालाच अपेंडटूऑब्ज करायची सवय जुन्या उदाहरणांतून आलेली आहे. तो ऑब्जेक्ट आणखी कुणाकडे असेल तर 'कॉल्ड विथ शेअर्ड ऑब्जेक्ट' असं म्हणून अख्खा प्रोग्रॅम पॅनिक होतो. आपला ऑब्जेक्ट आपण बांधावा आणि पूर्ण झाल्यावर एकदाच रिझल्टला लावावा. दुसरी चूक गळतीची: न्यूलिस्टऑब्जने लिस्ट केली, तिसऱ्या सेन्सरवर एरर आली, रिटर्न केलं. लिस्टचा काउंट ० होता, तिला कुणीच सोडत नाही. लिस्ट केल्या केल्या इन्क्ररेफकाउंट आणि बाहेर पडायच्या प्रत्येक वाटेवर डिक्ररेफकाउंट असं बसवलं. सेटऑब्जरिझल्ट स्वतःचा काउंट वेगळा धरतो, त्यामुळे यशाच्या वाटेवरही डिक्र करायचंच.

सेन्सरच्या बाइटांचं थोडं वेगळं आहे. सिरीयल पोर्टवरून आलेल्या उत्तरात डिग्रीचं चिन्ह बी-शून्य या एका बाइटने येतं, ते यूटीएफ-८ नाही. ते तसंच न्यूस्ट्रिंगऑब्जला दिलं की ८.६ कसंबसं निभावतो, पण त्यावर विसंबू नये. गेटएन्कोडिंगने 'आयएसओ ८८५९-१' घ्यावं, एक्सटर्नलटूयूटीएफडीस्ट्रिंगने रूपांतर करावं, डीस्ट्रिंगरिझल्टने रिझल्टला लावावं आणि एन्कोडिंग फ्रीएन्कोडिंगने परत करावं. डीस्ट्रिंगरिझल्ट डीस्ट्रिंग (टीसीएलची लागेल तशी वाढणारी स्ट्रिंग) रिकामी करून देतो, पण मधल्या एररच्या वाटेवर डीस्ट्रिंगफ्री आपणच लिहायचं असतं. उत्तर बायनरी फ्रेम असेल तर स्ट्रिंगच्या वाटेला जाऊच नये: लांबी उणे एक दिली की पहिल्या शून्य बाइटला मजकूर तुटतो. तिथे न्यूबाइटॲरेऑब्ज आणि मोजलेली लांबी.

तपासणी दोन पायऱ्यांत केली. आधी टीसीएलटेस्ट या टेस्टच्या पॅकेजने प्रत्येक कमांडला निदान तीन टेस्ट: बरोबर अर्ग्युमेंट, कमी अर्ग्युमेंट, आणि सेन्सरची वायर काढून. तिसरीत मेसेजसोबत एररकोडही तपासायचा. मग मेमरी. टीसीएल 'एनेबल-सिम्बॉल्स' ला 'मेम' देऊन बांधला की स्क्रिप्टमध्ये 'मेमरी' ही कमांड मिळते. आपलं कोडही त्याच पर्यायाच्या मॅक्रोने (टीसीएल-मेम-डीबग) कंपाइल करावं. अर्धं असं आणि अर्धं तसं जोडलं तर ते हमखास कोसळतं. कमांड एकदा चालवून सोडायची, कारण पहिल्या वेळी बऱ्याच गोष्टी कायमच्या तयार होतात. मग 'मेमरी इन्फो' मधला 'करंट पॅकेट्स अलोकेटेड' हा आकडा लिहून घ्यायचा, १,००० वेळा चालवायची, पुन्हा बघायचा. आकडा हजाराच्या आसपास वाढला तर दर फेरीला एक ब्लॉक गळतोय, दोन हजाराने वाढला तर दोन. एररच्या वाटेची फेरी वेगळी करावी, गळती बहुतेक तिथेच असते. कुठे ते 'मेमरी ॲक्टिव्ह' ला फाइलचं नाव दिलं की फाइल आणि ओळीसकट येतं. व्हॅलग्राइंड (मेमरी तपासणारं टूल) वापरणार असाल तर टीसीएल 'प्युरिफाय' मॅक्रोने बांधा. एरवी टीसीएल ऑब्जेक्ट स्वतःच्या साठ्यातून देतो-घेतो आणि सोडलेला ऑब्जेक्ट वापरला तरी व्हॅलग्राइंडला पत्ता लागत नाही.

९.० चं काम यानंतर थोडं उरलं. २०२४ च्या सप्टेंबरमध्ये आलेल्या या आवृत्तीत लांब्या इंट ऐवजी टीसीएल साइझ या टाइपच्या आहेत. गेटस्ट्रिंगफ्रॉमऑब्जला इंटचा पत्ता देणाऱ्या सगळ्या ओळी बदलल्या, आणि जुन्या हेडरसाठी वर एक अट घातली: 'टीसीएल साइझ मॅक्स' माहीत नसेल तर टीसीएल साइझ म्हणजे इंट. एकच कोड ८.६ वर आणि ९.० वर दोन्हीकडे कंपाइल होतं. 'यूज-इंटर्प-रिझल्ट' मेकफाइलमधून काढला, आणि इंटर्पचा रिझल्ट थेट हाताळणाऱ्या ओळी शोधणारा ग्रेप बिल्डच्या आधी चालतो. एक जरी ओळ सापडली तरी बिल्ड थांबतो.